वीस माणसांची अट

परकारभाई, इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर चार चांगले शब्द लिहून द्या, असा मला निरोप आला. दोनदा लिहायला बसले. दोन्ही वेळा अर्ध्या पानावर राग आला आणि उठले. आज तिसऱ्यांदा बसलेय आणि ठरवलंय, राग आला तर येऊ दे. तुम्ही जाऊन अठरा दिवस झाले. गाव कुठलं, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे दुसऱ्या कुणीतरी लिहावं. मला तुमच्याशी बोलायचंय, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय. आणि ते अर्धवट राहण्यात, नेहमीप्रमाणे, तुमचाच हात मोठा आहे.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडं सांगते. शारजाच्या रोल्लात एका पहिल्या मजल्यावर आपलं ट्रॅव्हल ऑफिस. दोन टेबलं, एक घरघरणारा एसी, भिंतीवर विमान कंपन्यांची कॅलेंडरं. आखाती युद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथे लागले, तेव्हा तुम्ही आधीपासून होतात. मी मॅनेजर आणि तुम्ही तिकीट क्लार्क, असं कागदावर. प्रत्यक्षात लोक जिना चढून यायचे ते तुमच्यासाठी. मी साताऱ्याची सबनीस, तुम्ही जयगडच्या बाजूचे इब्राहिम परकार. तुम्ही मला पहिल्याच दिवशी, बहिणीला म्हणावं तसं, ‘बाय’ म्हणालात आणि ‘तू’ म्हणालात. मला ते आवडलं नव्हतं. पुढे कधीतरी आवडायला लागलं, ते मी तुम्हाला सांगितलं नाही.

तुमच्यासमोर गुहागरचा एखादा फिटर येऊन बसायचा. दोन वर्षांनी महिन्याच्या रजेवर घरी निघालेला. तुम्ही त्याला तिकीट लिहून द्यायच्या आधी त्याच्या आईचा दमा, बहिणीचं लग्न, गावातल्या रस्त्याचं काम, सगळं विचारून घ्यायचात. मागे जिन्यापर्यंत लाइन. मी डोळ्यांनी खुणा करायचे. मग तोंडाने सांगायचे. तुम्ही मान न वळवता म्हणायचात, “दोन मिनिटं, बाय.” तुमची दोन मिनिटं किती मोठी असतात हे मला चौदा वर्षांत नीट समजलं. त्या माणसाच्या खोक्याला दोरी बांधून, त्याच्यावर स्केच पेनने नाव-गाव लिहून दिल्याशिवाय ती संपायची नाहीत.

आता त्या लंडनचं. तुम्हाला वाटेल हिने एवढी वर्षं होऊनही तेच धरून ठेवलंय. हो, धरून ठेवलंय.

नव्वदीच्या शेवटी शेवटी आपली माणसं उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन युरोपला जायला लागली. आपणही ग्रुप काढायला लागलो. त्या वर्षी लंडनचा सात दिवसांचा ग्रुप होता, बावीस माणसांचा, सगळी मराठी कुटुंबं, निम्मी शारजातली, निम्मी दुबईतली. त्यातली आठ माणसं एकट्या केळकरांच्या शब्दावर आलेली. केळकर म्हणजे दुबईतल्या एका मोठ्या कंपनीतले इंजिनिअर आणि तेव्हाचे मंडळाचे सचिव. आपल्या आईला त्यांनी सांगलीहून खास बोलावून घेतलं होतं. केळकर आजी, वय चौऱ्याहत्तर. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या त्या दुबईला येताना, आणि दुसऱ्यांदा लंडनला जाताना.

कार्यक्रम मी स्वतः तासातासाने आखला होता. बुधवारी सकाळी मोकळा वेळ, दुपारी नदीवर बोट, संध्याकाळी दुकानं. तुम्ही टाइप करून आणलात त्यात बुधवारपुढे लिहिलं होतं, ‘सकाळी ऐतिहासिक लंडन, खास मार्गदर्शकासह’. मला वाटलं एखादं चर्च असेल, किल्ला असेल. मी सही केली. तेवढी चूक माझी, कबूल आहे.

बुधवारी सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला तुम्ही कॉफीच्या रंगाचं जाकीट घालून आलात आणि प्रत्येक टेबलाशी जाऊन सांगितलंत की सपाट चपला घाला. बायका फोटोंसाठी सिल्कच्या साड्या नेसून बसलेल्या. मी विचारलं, कुठे चाललोय आपण. तुम्ही म्हणालात, “जवळच.” मग आम्ही सगळे तुमच्यामागून रस्त्याने निघालो आणि तुम्ही आम्हाला एका भुयारी रेल्वेच्या स्टेशनात घेऊन गेलात. मला वाटलं इथून गाडी पकडायची असेल. ते स्टेशन हाच आपला कार्यक्रम आहे, हे कळायला मला दहा मिनिटं लागली.

तिथे आर्थर नावाचे गृहस्थ उभे होते. चाळीस वर्षं त्याच रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, बारीक चणीचे, हातात बॅटरी. ते आपले मार्गदर्शक. त्यांनी आम्हाला त्या शहरातला सगळ्यात जुना भुयारी फलाट दाखवला. विटांच्या कमानी, वर तिरके झरोके. सुरुवातीला इथून कोळशाची इंजिनं जायची आणि त्यांचा धूर त्या झरोक्यांतून बाहेर सोडायचे, असं त्यांनी सांगितलं. केळकरांची मुलगी “Smoke? Inside?” म्हणत त्यांच्या मागे मागे फिरायला लागली. मग गाडीत बसवून दुसऱ्या एका स्टेशनात नेलं. तिथे भिंतीवरच्या फरशांचे रंग आणि नक्षी दाखवली. प्रत्येक स्टेशनची वेगळी, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपलं स्टेशन ओळखता यावं. मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, पण ते मला आवडलं होतं. रोल्लात आपले कामगार दुकानाच्या पाटीच्या रंगावरून बसचा थांबा ओळखतात, ते आठवलं. इथपर्यंत थांबला असतात परकारभाई, तर मी तुम्हाला शाबासकी दिली असती.

तुम्ही थांबला नाहीत. तिसरं स्टेशन बंद पडलेलं होतं. आर्थरनी लोखंडी दार उघडलं आणि अगदी नम्रपणे सांगितलं की लिफ्ट चालत नाही, गोल जिना आहे, दीडशेच्या वर पायऱ्या. केळकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही जिन्याकडे बघत होतात. मी म्हटलं, आजींना घेऊन मी वरच थांबते. तर आजीच म्हणाल्या, इथवर आलेय तर बघते काय ते. तुम्ही त्यांना हात दिलात आणि पहिली पायरी उतरलात. तुमच्या चेहऱ्यावर इतकी घाई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

खाली फलाट होता, रिकामा, धुळीचा वास येणारा, चारदोन पिवळे दिवे लावलेला. आर्थर सांगायला लागले. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब पडायचे तेव्हा लोक गाद्या-घोंगड्या घेऊन इथे झोपायला यायचे. फलाटावर, जिन्यावर, रुळांच्या मधेसुद्धा. पोरं इथे खेळायची, बायका विणकाम करायच्या. सगळे आर्थरभोवती जमले होते. पोरंही.

आणि तुम्ही हात वर केलात, शाळेत करतात तसा. तुम्ही आर्थरना विचारलंत, इथे हिंदुस्थानी खलाशी झोपायचे का. आर्थर म्हणाले, सगळ्या तऱ्हेचे लोक आश्रयाला यायचे, पण खलाशी बहुधा पूर्वेकडे, गोदीच्या बाजूला राहायचे, ते इतक्या लांब येतील असं वाटत नाही. तुम्ही म्हणालात, माझे वडील इथे झोपलेत. तीन रात्री.

हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सात वर्षं शेजारच्या टेबलावर बसून.

तुमचे वडील जहाजावर खलाशी होते, युद्धात त्यांचं जहाज लंडनला दुरुस्तीला लागलं होतं, वरून बॉम्ब पडत होते आणि ते गाडी न येणाऱ्या एका भुयारी स्टेशनात झोपले होते. हे तुम्ही आर्थरना सांगत होतात, तुमच्या त्या तिकीट बुकिंगच्या इंग्रजीत. आर्थर म्हणाले, तसं दुसरं स्टेशनही असू शकेल. तुम्ही म्हणालात, नाही, हेच. गाडी न येणारं हेच. ते समजावत होते, तुम्ही ऐकत नव्हतात. आजी बाकड्यावर बसल्या होत्या. केळकर घड्याळ बघत होते. मी तुमच्याजवळ येऊन हळू म्हटलं, परकारभाई, खलास करा. तुम्ही म्हणालात, दोन मिनिटं.

आणि तुम्ही त्या फलाटावर आडवे झालात. जाकिटासकट, उताणे, हात छातीवर ठेवून. बावीस माणसं भोवती उभी. तुम्ही छताकडे बघत पडून राहिलात. मग केळकर म्हणाले, “मी आईला लंडन दाखवायला आणलंय, सबनीस मॅडम. तळघर नाही.” त्यांचं चूक नव्हतं. मला तुमची इतकी लाज वाटली की मी भिंतीवरची एक जुनी जाहिरात वाचत उभी राहिले. कशाची होती ते आता आठवत नाही.

चढताना चाळिसाव्या पायरीला आजींचा गुडघा गेला. दर आठ-दहा पायऱ्यांना थांबत आलो. शेवटी शेवटी तुम्ही आणि केळकरांनी एकमेकांचे हात धरून त्यांची बैठक केलीत आणि त्यांना वर आणलंत, एकमेकांशी एक शब्द न बोलता. बोट गेली होती. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजून पाटासारखा झाला. आजींचे उरलेले दोन दिवस हॉटेलच्या खिडकीशी गेले. समोर दुसऱ्या एका हॉटेलची भिंत होती. मी दर तासाला बर्फ घेऊन जायचे आणि ती भिंत बघायचे. तुम्हाला वाटतं मी तुमच्या वडिलांवर रागावले. परकारभाई, मी त्या भिंतीवर रागावलेय.

बुधवारीच संध्याकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात मी तुम्हाला गाठलं. मी म्हटलं, मला नुसतं सांगितलं असतंत तर तुम्हाला तिकीट काढून दिलं असतं, चार दिवसांची सुट्टी दिली असती, एकटे जाऊन आला असतात.

“एकट्याला उघडून देत नाहीत,” तुम्ही म्हणालात. “वीस माणसांची अट आहे. मी तीनदा पत्र लिहिलं.”

“म्हणून तुम्ही बावीस माणसं वापरलीत?”

“दोन जास्त झाली,” तुम्ही म्हणालात.

मला हसू यायला हवं होतं. आज येतंही. तेव्हा मी तिथून निघून गेले. आजही मला तेच म्हणायचंय, की तुम्ही विचारायला हवं होतं. मी नाही म्हणाले असते, हे खरं. तरी विचारायला हवं होतं. तुमच्यापुढे रोज जी माणसं येऊन बसायची त्यांना तुम्ही कधी नुसतं गिऱ्हाईक म्हणून वागवलं नाहीत, आणि त्या एका दिवशी बावीस जणांची मोजदाद केलीत. हे मला तुमच्याकडून सहन झालं नाही. दुसऱ्या कुणाकडून झालं असतं.

परत आलो तर केळकरांची तक्रार आपल्याआधी ऑफिसात पोचली होती. त्यांनी सरळ आपल्या मालकाला, अरबाबला, फोन केला होता. पैसे परत नकोत, माफीचं पत्र हवं, परकारांच्या सहीचं. नाही तर मंडळाची सगळी बुकिंगं दुसरीकडे. अरबाबने तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, पत्र लिही, खलास. तुम्ही नाही म्हणालात. मला बाहेर ऐकू येत होतं. आजींच्या गुडघ्याबद्दल हवी तेवढी माफी मागतो, घरी जाऊन पाया पडून आलोय. तिथे नेलं त्याची माफी नाही मागणार.

पाया पडून आला होतात, हे खरंच होतं. दुबईत करामाला त्यांच्या घरी जाऊन आला होतात, घरून झुबेदाभाभींनी केलेली सांदणं घेऊन. केळकर घरी नव्हते. आजींनी तुम्हाला चहा केला आणि तुमच्या वडिलांचं नाव विचारलं.

अरबाबने मला आत बोलावून सांगितलं, आठवडाभरात पत्र नसेल तर याचा व्हिसा कॅन्सल. तुमची मुलगी सना तेव्हा नववीत होती. मी तुम्हाला समजावलं, मग भाभींना फोन करून समजावायला सांगितलं, मग पुन्हा तुम्हाला समजावलं. तुम्ही तिकिटं लिहीत बसलात. सहाव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तुम्ही घरी गेलात आणि मी दार आतून लावून ते पत्र टाइप केलं. झाल्या प्रकाराबद्दल मनापासून दिलगीर आहे, वगैरे. खाली तुमची सही केली. तुमची सही मी दिवसातून तीस वेळा बघत होते, सोपी होती.

केळकर शांत झाले. अरबाब विसरून गेला. तुम्हाला वाटलं तुमच्या हट्टापुढे सगळे नमले. महिनाभर तुम्ही खूश होतात, आणि मला तुमचा आणखी राग यायचा.

मग गणपतीच्या सुमारास केळकर स्वतः आले, आजींचं परतीचं तिकीट घ्यायला. ते तुमच्याच टेबलाशी बसले आणि म्हणाले, “परकार, पत्र मिळालं. असं लिहायला मोठं मन लागतं.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी स्टेपलरमध्ये पिना भरत होते. मग तुम्ही केळकरांना म्हणालात, साहेब, चहा घ्या. त्यांना आजींसाठी मधल्या वाटेजवळची सीट दिलीत, पाय लांब करता यावेत म्हणून. ते गेल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, “सही बरी जमली होती का?” आणि दुसऱ्या दिवसापासून मी ‘सबनीस मॅडम’ झाले. दोन महिने. तीन फुटांवरच्या टेबलावरून माझ्याकडे चिठ्ठ्या यायच्या. ‘मॅडम, मस्कतचे दोन कन्फर्म.’ खाली सही, जरा मोठी, जरा सावकाश केलेली.

मी माफी मागितली नाही. मला वाटत होतं, मी तुमची नोकरी वाचवली, सनाची शाळा वाचवली, मी कसली माफी मागू. आता मात्र असं वाटतं की तुमच्या वडिलांच्या तीन रात्री तुमच्याकडून मी परत मागवून घेतल्या, त्याही तुमच्याच सहीने. हे त्या दोन महिन्यांत कधीही बोलता आलं असतं. नाही बोलले.

ते दोन महिने कसे संपले ते तुम्हाला आठवत असेलच. साताऱ्याहून फोन आला, माझे वडील गेले. सणाचे दिवस, मुंबईची सगळी विमानं भरलेली. मी रिसीव्हर धरून तशीच बसले होते. तुम्ही काही न विचारता फोन तुमच्याकडे ओढलात आणि शारजा, दुबई, अबू धाबी, रास अल खैमा, सगळीकडे फोन लावत सुटलात. तुमच्यासमोर चार माणसं बसली होती, त्यांना तुम्ही हाताने थांबा म्हणालात. दोन तासांनी तिकीट लिहिलंत. तुमच्या त्या खडखडणाऱ्या गाडीने विमानतळावर सोडलंत.  दारात बॅग हातात देताना म्हणालात, “बाय, खिडकीजवळची दिलीय. रडायला बरी पडते.”

त्या एका वाक्यासाठी मी तुमची शंभर लंडनं माफ करायला तयार होते. पण तुम्ही कधी माफी मागितलीच नाहीत, मग माफ तरी कसं करणार?

पुढची सहा-सात वर्षं आपण त्या विषयाला हात लावला नाही. तिकिटं कॉम्प्युटरवर आली, तुमच्या पेनाला काम उरलं नाही, तरी खोक्यांवरची नावं तुम्हीच लिहायचात. दुबईत मेट्रो होणार अशा बातम्या यायला लागल्या तेव्हा तुम्ही पेपरातली कात्रणं कापायला लागलात. मी मुद्दाम विचारलं नाही कशाला. छातीत दुखतं हेही तुम्ही असंच लपवलंत. मला म्हणालात, गॅस आहे. भाभींना म्हणालात, ऑफिसात एसी लागतो. डॉक्टरांना काय सांगितलंत देव जाणे. जिना चढून आलात की मधल्या वळणावर थांबायचात आणि मी वरून बघितलं की खिशात काहीतरी शोधल्यासारखं करायचात. परकारभाई, तुम्हाला नाटक कधीच जमलं नाही. मला ओरडता आलं असतं. मी ओरडलेही. जास्त जोरात ओरडायला हवं होतं.

हॉस्पिटलात मी संध्याकाळची भेटायला यायचे. त्या शेवटच्या संध्याकाळी तुम्ही उशीला टेकून बसला होतात, तोंडावर तेज होतं. मला म्हणालात, बस, तुला एक सांगायचंय. मला वाटलं, आता आलं. आता हा माणूस माफी मागणार.

तुम्ही सांगितलंत की मागच्या रजेत गावी मोठ्या बहिणीशी बोलणं झालं. ती ऐंशीची, तिला सगळं लख्ख आठवतं. बाबा म्हणायचे, त्या स्टेशनात गाडी यायची नाही कारण तिथे रूळच घातले नव्हते, काम अर्धवट होतं, आणि गोदीतून तिथे चालत जाता यायचं. मग तुम्ही आर्थरना पत्र लिहिलंत. त्यांचं उत्तर आलं, की पूर्वेकडे असं एक स्टेशन होतं, युद्धानंतर पुरं झालं, बहुतेक तेच असावं.

मी म्हटलं, “म्हणजे आपण गेलो ते चुकीचं स्टेशन?”

“हो.”

“त्या माणसाने तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला. पूर्वेकडे, गोदीच्या बाजूला.”

“सांगितलं होतं,” तुम्ही म्हणालात, जराही न लाजता.

दीडशे पायऱ्या, आजींचा गुडघा, ती भिंत, ते पत्र, ते दोन महिने, सगळं चुकीच्या स्टेशनासाठी. मी तुम्हाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, अंक घरोघरी जातो. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, पुढच्या जूनमध्ये ग्रुप काढू या. आता बरोबर ठिकाण सापडलंय.

मी विचारलं, ते स्टेशनही बंद आहे का. तर नाही. चालू आहे, रोजची गाडी येते, कुणीही तिकीट काढून आत जाऊ शकतं. मग ग्रुप कशाला? तिथे तर कसली अटही नाही.

तुम्ही बराच वेळ चादरीची सुरकुती सरळ करत बसलात. मग म्हणालात, “एकट्याने बघून काय करायचं, बाय? मी तिथे आडवा झालो तेव्हा तुम्ही सगळे उभे होता. मला बरं वाटलं होतं. बाबांच्या वेळी त्यांना कुणी बघितलं नाही.”

यावर काय म्हणायचं असतं ते मला आज कळतं. तेव्हा माझ्या डोक्यात ते चुकीचं स्टेशनच होतं. मी म्हटलं, माझ्याकडून नाही. मी एकही माणूस पुन्हा त्या भुयारात उतरवणार नाही. तुम्ही म्हणालात, बघू. मी म्हटलं, बघू नाही, नाहीच. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत आणि मी पर्स उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सनाचा फोन आला. दुपारी दफन झालं. तिथे बायका जात नाहीत, म्हणून मी घरी झुबेदाभाभींजवळ बसले. केळकर गेले होते माती द्यायला. परतताना मला खाली भेटले, हाताला माती तशीच होती, ती पुसायला त्यांना काही सापडत नव्हतं. मी रुमाल दिला. माणूस चांगला होता, ते म्हणाले. वर भाभींकडे आलेली प्रत्येक बाई तेच म्हणत होती. चांगला होता, कुणाला दुखावलं नाही. मी मान हलवत होते आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मला दुखावलंय, आणि मी त्यांना, आणि त्याचं अजून काहीच ठरलेलं नाही.

मी तुम्हाला नाही म्हटलं, हे मी भाभींना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही त्यांना कायम नाहीच म्हणायचात, त्यांना सवय होती. पण त्यानंतर बाहेर काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी हॉस्पिटलात तुमच्या खोलीतून निघाले तर पॅसेजमध्ये सना उभी होती, ऑफिसातून थेट आलेली, गळ्यात ओळखपत्र. माझा चेहरा बघून म्हणाली, “Is he being impossible, aunty?” मी तिला सांगितलं, चुकीचं स्टेशन. ती म्हणाली, “I know. He told me on Friday. I shouted at him too.” आणि मग तिला हसू फुटलं आणि मलाही. आम्ही भिंतीला टेकून हसत होतो, मला श्वास पुरेना, सनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मल्याळी नर्स बाहेर आली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. तरी आम्हाला थांबता येईना.

तेवढ्यात आतून तुमचा आवाज आला. दमलेला होता, पण कुतूहल तेवढंच.

“बाय, माझ्याबद्दलच चाललंय ना?”

“हो,” मी म्हटलं.

आणि निघाले, कारण माझी बस सुटत होती.